बियर म्हणजे दारू नाही म्हणे!

"बियर म्हणजे काही दारू नाही, काकू!" हे वाक्य हल्ली अमरावतीत म्हणा, अकोल्यात म्हणा, कुठल्याही चांगल्या घरात ऐकायला मिळतं. पुण्याहून दिवाळीला आलेला मुलगा म्हणतो, लग्नातली नवरदेवाची मित्रमंडळी म्हणतात. एवढंच काय, आमच्या बचतगटातली एक बाई मला मोठ्या समाधानानं म्हणाली, "ताई, आमच्या घरचे आता दारू नाही पेत जी. निस्ती बियर पेतात." मैत्रिणींनो, तिच्या त्या 'निस्ती' या शब्दावरच आज मला बोलायचं आहे.

आधीच सांगून टाकते, मी बियर चाखलेली आहे. भुवया उंचावू नका. माझी भाची नवऱ्याबरोबर जर्मनीतल्या म्युनिक शहरात राहते. तिच्याकडे गेले तेव्हा सप्टेंबर संपत आला होता आणि गावभर त्यांच्या ऑक्टोबरफेस्टची गडबड होती. जेवणाच्या टेबलावर तिनं एक बाटली ठेवली आणि म्हणाली, "मावशी, ही इथली शरदातली खास बियर, मेर्त्सन. तू दारूवर एवढी भाषणं करतेस, तर ही काय चीज आहे ते तरी बघ." मला ते पटलं. लहान ग्लासात दोन घोट घेतले.

रंग गुळाच्या पातळ पाकासारखा, तांबूस. वास चुलीवर खरपूस भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा. जिभेवर आधी किंचित गोडसर, मग हळूच मेथीसारखं कडवट. चव वाईट नव्हती, खोटं कशाला सांगू? दोन घोटांत मी ग्लास खाली ठेवला, कारण मला चव बघायची होती, प्यायची नव्हती. पण त्या बाटलीमागची गोष्ट मात्र मी भाचीकडून आणि तिच्या शेजारणीकडून खोदून खोदून विचारून घेतली. ती ऐकण्यासारखी आहे.

मेर्त्स म्हणजे मार्च महिना. मार्चमध्ये करायची म्हणून ती मेर्त्सन. आपण नाचणीचं सत्त्व करतो ना, तशीच सुरुवात. जव भिजत घालायचे, मोड आणायचे, वाळवायचे आणि भाजायचे. मग ते भरडून गरम पाण्यात त्यांचा अर्क काढायचा, कडवटपणासाठी हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून उकळायचा आणि थंड जागी आंबत ठेवायचा. त्या बव्हेरिया प्रांतात १५१६ साली कायदा झाला की बियरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याशिवाय काही घालायचं नाही. पुढे १५५३ साली आणखी एक नियम आला. बियर करायची ती २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळातच, उन्हाळ्यात भट्टी बंद. उन्हाळ्यात बियर बिघडायची आणि भट्ट्यांमुळे आगीही लागायच्या, म्हणून ही बंदी.

मग उन्हाळाभर प्यायचं काय? तर मार्चमध्ये जरा कडक बियर करून ठेवायची. आपण वर्षाच्या लोणच्याला मीठ आणि तेल जास्त घालतो, तोच हिशोब. मद्यार्क जास्त, हॉप्स जास्त, म्हणजे टिकते. जमिनीखालच्या तळघरात, हिवाळ्यात तळ्यांवरून कापून आणलेल्या बर्फाच्या गारव्यात ती पिंपं ठेवायची. तळघर गार राहावं म्हणून वर चेस्टनटची सावलीची झाडं लावायची. उरलेली पिंपं शरदात, नवीन हंगाम सुरू होण्याआधी, संपवायची. १२ ऑक्टोबर १८१० रोजी बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेसा यांचं लग्न झालं, त्यानिमित्त गावाबाहेरच्या माळावर घोड्यांची शर्यत झाली आणि दरवर्षीची जत्रा सुरू झाली. तोच हा ऑक्टोबरफेस्ट. हवा बरी असते म्हणून पुढे ती सप्टेंबरातच सुरू होऊ लागली. मंडपात आता फिकट सोनेरी बियर देतात, जुनी तांबूस मेर्त्सन बाटलीत मिळते.

हे सगळं एवढं का सांगतेय? कारण आपल्याकडेही हे सगळं आहे. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या मेळघाटात मोहाची फुलं गळतात. भल्या पहाटे कोरकू बाया टोपल्या घेऊन ती वेचतात, अंगणात वाळवतात. त्या फुलांचं खाणंही होतं आणि दारूही होते. सणाला, देवाला, लग्नकार्याला ती लागते. तिलाही एक हंगाम होता, एक मान होता. आणि शरद म्हणाल तर आपल्याकडे दसरा, कोजागिरी, दिवाळी. सोयाबीन घरात येतं, कापसाची वेचणी सुरू होते. वर्षभर रिकामा असलेला हात याच दिवसांत जरा ओला होतो.

आणि नेमक्या याच दिवसांत आमच्याकडे तक्रारी वाढतात. बाजार समितीत सोयाबीन विकून निघालेला माणूस घरी पोचेपर्यंत अर्धे पैसे वाटेत कुठे जातात, ते वऱ्हाडातल्या बाईला विचारा. पेरणीला तिनं मंगळसूत्र गहाण ठेवलेलं असतं, निंदण-खुरपण तिनं केलेलं असतं, कापूस वेचून बोटं तिची सोलवटलेली असतात. पैसा मात्र त्याच्या खिशात. त्यांच्या शरदात जत्रा भरते, आमच्या शरदात घरोघरी भांडण. फरक बाटलीत नाही, बाटलीभोवतीच्या नियमात आहे. त्यांच्याकडे कधी, किती, कुठे हे शेकडो वर्षांपासून चारचौघांत ठरलेलं होतं. आपल्याकडे सगळं अंधारात. वर्षभर, रोज, गल्लीच्या तोंडाशी.

आता कुणी म्हणेल, ताई जर्मनीला जाऊन आल्या आणि तिकडचे गोडवे गाऊ लागल्या. तसं नाही हो. त्या जत्रेत दिवसा लेकरंबाळं, आजीआजोबा पाळण्यात बसतात हे खरं, पण संध्याकाळी दारूनं लोळणारेही तिथेच असतात. अशांसाठी त्यांच्या भाषेत 'बियरची प्रेतं' असा शब्दच आहे. बायकांची छेडछाडही होते. म्हणून म्युनिकमधल्या महिला संस्थांनी २००३ साली जत्रेच्या मैदानातच मुली-बायकांसाठी एक मदत केंद्र सुरू केलं. कुणी एकटी पडली, घाबरली, कुणी त्रास दिला, तर तिथे जायचं. ते आजही चालतं. तेव्हा पिणारा गोरा असो की सावळा, त्याचा भार कुणाच्या अंगावर पडतो ते जगभर सारखंच आहे. तिथल्या मंडपात एक लिटरचे भरलेले काचेचे दहा-दहा मग छातीशी धरून धावणाऱ्या बायका असतात. एक भरलेला मग दोन किलोच्या वर भरतो. म्हणजे वीस किलोहून जास्त ओझं. मला त्या बघून आपल्याकडच्या तीन-तीन हंडे वाहणाऱ्या बाया आठवल्या.

आता 'निस्ती बियर'चा हिशोब मांडू. आपण किराण्याचा हिशोब ठेवतो तसाच, सोपा. बियरच्या बाटलीवर मद्यार्काचं प्रमाण टक्क्यांत छापलेलं असतं. आपल्याकडे सर्वात जास्त खपते ती 'स्ट्राँग' बियर, त्यात ते ८ टक्क्यांपर्यंत असतं. मोठी बाटली ६५० मिलिलिटरची. ८ टक्क्यांच्या हिशोबानं तिच्यात शुद्ध मद्यार्क झाला ५२ मिलिलिटर. व्हिस्कीत असतो ४२.८ टक्के. म्हणजे ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये साधारण २६ मिलिलिटर. झालं ना गणित? स्ट्राँग बियरची एक बाटली म्हणजे व्हिस्कीचे दोन मोठे पेग! जर्मनीतला तो एक लिटरचा मग साधारण ६ टक्क्यांचा, म्हणजे ६० मिलिलिटर. आपल्याकडच्या 'क्वार्टर'मध्ये ७७. फार लांब नाही. लिव्हरला बाटलीवरचं नाव वाचता येत नाही, तिला फक्त मद्यार्क कळतो.

आणि 'थोडी घेतली तर तब्येतीला चांगली' हे जे सांगतात ना, त्यांना सांगा, जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की मद्याचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. स्तनांच्या कर्करोगाचा धोकाही त्यानं वाढतो. हे मी पोरींसाठी मुद्दाम लिहितेय.

हो, पोरींसाठी. कारण आपल्या मुलीही आता पुण्या-मुंबईला, बंगळूरला नोकऱ्या करतात. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली, जागेवरच ताजी बियर करून देणारी. आता अशा कितीतरी जागा आहेत. ऑफिसची पार्टी असते, मुलगी एखादा ग्लास घेते आणि तिचा फोटो चुकून आईच्या मोबाइलवर येतो. मग घरात आभाळ कोसळतं. त्याच घरात मुलाच्या बाटल्या बाप गच्चीवरून गुपचूप भंगारवाल्याला देत असतो! हा दुटप्पीपणा मला मान्य नाही. पोरानं घेतली तर 'वय आहे त्याचं' आणि पोरीनं घेतली तर 'संस्कार गेले', हे कसलं माप? पण त्याचबरोबर हेही म्हणते, की पुरुषांच्या वाईट खोडीची बरोबरी करणं ही काही समानता नाही. पोरीला आणि पोराला एकाच ताटाशी बसवून एकच गोष्ट सांगा. किती टक्के, किती मिलिलिटर, घरी कसं येणार, सोबत कोण आहे. ओरडून सांगितलेलं लपवलं जातं, समजावून सांगितलेलं निदान आठवतं तरी. आणि कायदाही सांगा. महाराष्ट्रात माइल्ड बियरलाही वयाची अट २१ वर्षांची आहे, कडक दारूला २५.

मग उपाय काय, सरसकट दारूबंदी? गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज दोघंही याच अमरावती जिल्ह्यातले. दोघांनीही आयुष्यभर दारूविरुद्ध लोकांना जागं केलं. त्या मातीतली मी, मला बंदी नको असं कसं वाटेल? पण डोळे उघडे ठेवून बोलायला हवं. वर्धा नदी ओलांडली की दारूबंदीचा जिल्हा लागतो. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, तिथे तर बायाबापड्यांनी मोठा लढा देऊन ती आणली. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी झाली आणि २०२१ मध्ये उठलीसुद्धा. कागदावरची बंदी चोरवाटेनं फसते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जिथे गावातल्या बाया पाठीशी उभ्या राहतात, तिथेच ती टिकते.

आणि बायांच्या हातात एक हत्यार आहे, ते विसरू नका. आडवी बाटली! गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. लक्षात घ्या, झालेल्या मतांच्या निम्मी नव्हे, एकूण महिला मतदारांच्या निम्मी. म्हणून 'माझ्या एका मतानं काय होते' म्हणून घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीला मत देऊन मोकळी होते. आणि हा नियम बियरच्या दुकानालाही विचारात घ्यायला लावा. बियर शॉपीच्या झगमगीत पाटीला भुलू नका.

बाकी घरातल्या घरात करता येण्यासारखंही पुष्कळ आहे. सोयाबीन-कापसाचा चुकारा रोख हातात न घेता बँकेत, आणि तोही दोघांच्या नावाच्या खात्यात जमा करायचा आग्रह धरा. एकदम जमणार नाही, पण बचतगटातल्या दहा घरांनी मिळून ठरवलं तर जमतं. नवरा मारहाण करत असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा, त्यात लाज तुमची नाही. आणि व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार होतात, हे मनाशी पक्कं धरा. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मधून हजारो माणसं बरी होऊन घरी परतली आहेत. तिथे व्यसनी माणसांच्या बायकांचाही वेगळा विचार होतो, मला ते फार मोलाचं वाटतं. कारण तो पितो आणि झिजते ती.

त्या बचतगटातल्या बाईंना मी बाटलीचं हे गणित कागदावर मांडून दाखवलं. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माह्या घरी दारू बंद झालीच नाही म्हणा. निस्तं नाव बदललं." यापेक्षा नेमकं मलाही सांगता आलं नसतं. येत्या हंगामात घरात बाटली आली, तर आधी तिच्यावरचा टक्का वाचा, मोठ्यानं वाचा आणि सगळ्यांना ऐकू येईल असा वाचा. नाव काहीही असो.