जोर मोजावेत ते चाळिशीनंतर

नांदुरा तालुक्यातले वडनेर भोलजी हे मुंबई-नागपूर-कोलकाता महामार्गावरचे गाव. कपाशी, सोयाबीन आणि तुरीचा हा पट्टा. अशा गावांत व्यायाम म्हटला की दोनच चित्रे डोळ्यांपुढे येतात. एक, पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी पोरे आणि दुसरे, आखाड्यात जोर-बैठका काढणारे पैलवान. भरती झाली किंवा भरतीचे वय उलटले की जोर सुटतात ते कायमचे. चाळिशी ओलांडलेल्या शेतकऱ्याला किंवा कापूस वेचून घरी परतलेल्या बाईला ‘तुम्हाला किती जोर काढता येतात?’ असे कोणी विचारत नाही. विचारलेच तर ‘दिवसभर वावरात राबतो, ते काय कमी आहे?’ असे उत्तर येईल. खरे तर हा प्रश्न त्यांनाच विचारायला हवा.

पुशअपचे वयानुसार आणि स्त्री-पुरुषांनुसार ठरवलेले मापदंड उपलब्ध आहेत. त्यांतले सर्वांत परिचित कोष्टक कॅनडातील चाचण्यांवर बेतलेले आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या मार्गदर्शिकेतही ते दिले जाते. चाचणी सोपी आहे. वेळेचे बंधन नाही, पण मध्ये थांबायचे नाही आणि कंबर खाली पडू द्यायची नाही. असे जितके होतील तितके मोजायचे. विशीतल्या पुरुषाने २२ ते २८ काढले तर ती कामगिरी ‘चांगली’ मानतात. तिशीत हा आकडा १७ ते २१, चाळिशीत १३ ते १६, पन्नाशीत १० ते १२ आणि साठीत ८ ते १० होतो. स्त्रियांसाठी गुडघे टेकून काढलेले पुशअप धरतात. त्यांचे ‘चांगले’ आकडे विशीत १५ ते २०, तिशीत १३ ते १९, चाळिशीत ११ ते १४ आणि पन्नाशीत ७ ते १० असे आहेत.

येथे एक फरक ध्यानात घ्यावा. आखाड्यातला जोर आणि पुशअप हे एकच नव्हेत. जोर काढताना कंबर आधी वर असते, छाती जमिनीलगत पुढे सरकते आणि शरीर कमानीसारखे वर येते. पुशअपमध्ये डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ रेषा ठेवून वर-खाली व्हायचे असते. त्यामुळे जोरांची संख्या या कोष्टकाशी ताडून पाहणे योग्य नाही. मात्र दोन्हींमागचे तत्त्व एकच आहे: यंत्र नको, पैसे नकोत, स्वतःच्या शरीराचे ओझे स्वतःच्या हातांनी पेलायचे. वऱ्हाडाला हे नवे नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हेच शिकवत आले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळ व व्यायामाची प्रात्यक्षिकेही दाखवली होती.

पुशअपच्या आकड्याला डॉक्टरांनी महत्त्व द्यावे, असे काय आहे? २०१९ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात अमेरिकेतील १,१०४ अग्निशामक जवानांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय चाळिशीच्या आसपास होते. दहा वर्षांच्या पाहणीत, ४० हून अधिक पुशअप काढणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या घटना १० पेक्षा कमी काढणाऱ्यांच्या तुलनेत ९६ टक्क्यांनी कमी आढळल्या. हा आकडा मोबाइलवर खूप फिरतो. त्यासोबतची पथ्ये मात्र फिरत नाहीत. अभ्यासातले सगळे पुरुष होते आणि नोकरीमुळे मुळातच धडधाकट होते. दहा वर्षांत एकूण घटना अवघ्या ३७ घडल्या. म्हणजे ‘चाळीस काढा, हृदयविकार टाळा’ असा त्याचा अर्थ नाही. ज्याचे हृदय, वजन आणि स्नायू ठीक आहेत त्यालाच चाळीस जमतात, एवढाच अर्थ सावधपणे काढता येतो. ताकदीचा आणि आयुष्याचा संबंध दाखवणारा मोठा पुरावा वेगळाच आहे. भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या अभ्यासात, हाताची पकड ५ किलोने कमी असली तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला. ‘लॅन्सेट’ने तो २०१५ मध्ये छापला.

ताकदीचा प्रश्न आपल्याकडे आणखी महत्त्वाचा आहे, आणि तो पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका छायाचित्रातून जगाला दाखवला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो आला. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २२.३ होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही अनेक भारतीयांची ठेवण आहे. मधुमेहाचे एक मूळ येथे आहे, कारण जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच खेचून घेतात. वजनकाटा अशा माणसाला ‘ठीक’ ठरवतो. पाच पुशअपनंतर थरथरणारे हात मात्र खरे काय ते सांगून टाकतात.

राहता राहिला ‘वावरात राबतो’ हा मुद्दा. शेतीच्या कामाने दम आणि चिवटपणा येतो, यात शंका नाही. पण निंदण, वेचणी यांत पाठ आणि कंबर तासन्‌तास वाकलेली राहते. ढकलण्याचे, पेलण्याचे स्नायू त्या मानाने वापरले जात नाहीत. त्यातच तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचे प्रमाण साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घट वेग घेते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना चालण्याफिरण्याबरोबरच आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. मजुरी हा त्याला पर्याय नाही.

सर्वांत मोठी गफलत स्त्रियांच्या बाबतीत होते. ‘खेलो इंडिया’च्या शालेय चाचणीत चौथीपासूनच मुलांना पूर्ण आणि मुलींना सोपे पुशअप असतात. नऊ वर्षांच्या मुला-मुलीच्या ताकदीत फारसा फरक नसतो. तो प्रामुख्याने वयात आल्यावर पडतो. गुडघे टेकले की हातांवर शरीराच्या निम्म्याच्या आसपास वजन येते. पूर्ण पुशअपमध्ये ते दोन तृतीयांशाच्या घरात असते. म्हणून गुडघे टेकणे ही चांगली पहिली पायरी आहे. पण तीच शेवटची पायरी, असे मुलीच्या मनावर नवव्या वर्षापासून बिंबवले, तर पुढे ती वर चढायचा प्रयत्न तरी का करील? उतारवयात हाडे ठिसूळ होण्याचा धोका स्त्रियांनाच अधिक असतो. ताकदीची गरजही त्यांनाच अधिक आहे.

आज गावातल्या उपकेंद्रावर तिशीपुढच्या माणसाचा रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय आहे. ताकद मात्र मोजली जात नाही. खर्च शून्य असलेली ही नोंद त्याच कार्डावर व्हायला काय हरकत आहे? ज्यांना जमिनीवर जमत नाही त्यांनी भिंतीला हात टेकून, मग ओट्याच्या कडेला, मग गुडघ्यांवर, असे टप्प्याटप्प्याने यावे. श्वास रोखू नये. रक्तदाब खूप वाढलेला असेल, हृदयविकार असेल किंवा खांदा-मनगट दुखत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चाचणी करू नये.

आणि कोष्टकाचे भय बाळगू नये. ते परक्या देशातल्या शरीरांवरून बनले आहे, परीक्षेचा निकाल म्हणून ते वाचू नये. पन्नाशीतल्या माणसाचे आज चार होत असतील आणि दिवाळीपर्यंत सात झाले, तर तो कोष्टकात कुठे बसतो याला फारसे महत्त्व नाही. सत्तरीत जमिनीवरून उठताना कोणाचा हात धरावा लागणार की नाही, हे त्या वाढलेल्या तिनांवर बरेचसे ठरते.