फाल्गुनातला पाऊस, ओले सरपण आणि घरातला धूर



होळीत थंडी जळून जाते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अलीकडे हे गणित काही जुळत नाही. पहाटे गोधडी सोडवत नाही, दुपारी डोके तापते आणि चारच्या सुमारास आभाळ भरून वावटळ सुटते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भाला गारपिटीने झोडपले. २०२३ च्या मार्चमध्येही अवकाळीने हातातोंडाशी आलेला घास नेला. अशा वेळी आपण गहू, हरभरा, कांदा, आंबा यांच्या पंचनाम्यांसाठी धावाधाव करतो. ती केलीच पाहिजे. पण परसात रचलेली पऱ्हाटी, तुराट्या आणि गोवऱ्यांचा ढीग भिजला, म्हणून कोणी तलाठी पाहायला आल्याचे आठवते का? शेतातले नुकसान मोजले जाते; चुलीपाशी झालेले नुकसान बाईने मुकाट्याने सोसायचे असते. आज त्याचाच हिशेब मांडू.

गॅस आला, चूल का गेली नाही?

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात दिली गेली. पुढे हा आकडा दहा कोटींवर गेला. काम लहान नाही. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागातील फक्त ४३.२ टक्के घरे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करतात, असे दिसले. उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी किती सिलिंडर लागतात? २०१९-२० मध्ये तीन, २०२४-२५ मध्ये साडेचारच्या आसपास. वाढ आहे, पण साडेचार सिलिंडरांत पाच माणसांचे वर्ष निघत नाही. उरलेले वर्ष चुलीवरच निघते.

यावर शहाणी माणसे म्हणतात, "खेड्यातल्या लोकांना सवयच धुराची." हे खरे नाही. खरे कारण पैशाचे आहे. सिलिंडरला रोख रक्कम एकदम मोजावी लागते, सरपण मात्र रोज थोडे थोडे गोळा करता येते. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर ५० रुपयांनी महागला, तेव्हा दिल्लीत उज्ज्वला ग्राहकाला ३०० रुपयांचे अनुदान धरूनही तो ५५३ रुपयांना पडत होता. राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचे ठरवले. त्याचा आधार झाला, हे मान्य. पण मजुरी बंद असलेल्या महिन्यात पाचशे रुपये एकदम काढणे म्हणजे काय, ते हातावर पोट असणाऱ्यालाच विचारा.

आंघोळीच्या पाण्याने गणित बिघडते

आणखी एक गोष्ट योजना आखणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. आपल्या घरात आग फक्त भाकरीसाठी पेटत नाही. ती आंघोळीच्या पाण्यासाठी आणि पहाटे अंग शेकायलाही पेटते. पाच माणसांना पाच बादल्या पाणी तापवायचे झाले, तर महिन्याला साडेआठ किलोच्या आसपास गॅस लागेल. सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो. म्हणजे अर्ध्याहून जास्त सिलिंडर नुसत्या न्हाणीत गेला! म्हणून घरात गॅस असला तरी बाहेर बंब किंवा चूल पेटतेच. यात अडाणीपणा नाही, सरळ व्यवहार आहे.

मात्र या दिवसांत एक उपाय फुकटात आहे. फाल्गुन-चैत्रातले दुपारचे ऊन वाया घालवू नका. काळा रंग दिलेला पत्र्याचा पिंप सकाळी उन्हात भरून ठेवला, तर दुपारनंतर पाणी चांगले कोमट होते. शेतातून आलेल्यांनी आंघोळ संध्याकाळी उरकली, तर दुसऱ्या दिवशी पहाटेचा एक जाळ वाचतो. ढगाळ दिवशी हे जमणार नाही, पण दहातले सात दिवस साधले तरी खूप झाले.

ओल्या लाकडाचा हिशेब

आता सरपणाकडे वळू. उन्हात नीट वाळलेल्या लाकडातही पंधरा टक्क्यांच्या आसपास पाणी असते. असे एक किलो लाकूड सुमारे ३,६०० किलोकॅलरी उष्णता देते. तेच लाकूड ओले, चाळीस टक्के पाण्याचे असेल, तर हाती २,४०० च लागते. कारण एक तर किलोमागे लाकूडच कमी आणि त्यातले पाणी वाफ करून उडवायलाही उष्णता खर्ची पडते. याचा अर्थ दहा किलोची ओली मोळी विकत घेतली, तर त्यात चार किलो पाण्याचे पैसे मोजले.

साध्या तीन दगडांच्या चुलीत दहा टक्क्यांच्या आसपासच उष्णता भांड्याला लागते, बाकीची इकडेतिकडे जाते. गॅसच्या शेगडीत निम्म्याहून अधिक भांड्याला लागते. या हिशेबाने एका सिलिंडरचे काम करायला वाळलेले लाकूड अडीचशे किलो लागेल आणि ओले असेल तर पावणेचारशेच्या वर. तुमच्या गावात लाकडाचा भाव काय आहे, तो याला लावून पाहा. सरपण विकत घेणाऱ्या घराला चूल स्वस्त पडते, हा समज कित्येक ठिकाणी खोटा ठरेल. सरपण फुकट मिळते तिथेही ते गोळा करणाऱ्या बाईचे आणि पोरीचे तास कोणी मोजत नाही.

ओले लाकूड धुमसते आणि धूर वाढतो, हे वेगळे सांगायला नको. घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडे त्याला नाव पडते ते "म्हातारीचा दमा" आणि "पोराची छाती भरली".

धूर घरातच का कोंडतो?

धुराडे असूनही या दिवसांत धूर मागे येतो, अशी पुष्कळ जणींची तक्रार असते. त्याचे कारण समजून घ्या. आतली हवा गरम आणि बाहेरची गार असली की धुराडे ओढ घेते. कडक थंडीत ही ओढ चांगली असते. उन्हाळा लागता लागता बाहेरची हवाही उबदार होते आणि ओढ मंदावते. त्यातच वावटळीचा झोत वरून खाली धूर ढकलतो.

यावर उपाय साधे आहेत. पेटवताना आधी काटक्या, चिपाडे यांचा मूठभर जाळ मोठा करा, म्हणजे धुराडे तापते. मग लाकूड लहान फोडून थोडे थोडे घाला. चुलीत मोठा ओंडका सारून तो तासन्‌तास धुमसत ठेवण्यापेक्षा थोडा पण खणखणीत जाळ केव्हाही चांगला. काम झाले की लाकूड ओढून विझवा. धुराड्याचे तोंड छपराच्या आढ्यापेक्षा दोन फूट तरी उंच हवे आणि त्यावर टोपी हवी. आतली काजळी महिन्यातून एकदा झाडा. ओल्या लाकडाने ती डांबरासारखी घट्ट बसते आणि पुढे पेटही घेऊ शकते.

एक इशारा मात्र कळकळीने द्यायचा आहे. पावसाळी हवेत दारे-खिडक्या लावून निखाऱ्यांचे घमेले खोलीत ठेवू नका. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवण्याची चाल अजून आहे. तिथे तर विशेष जपा. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना वास ना रंग, आणि तो झोपेतच जीव घेतो. शेक घेताना खिडकी उघडी ठेवा आणि झोपण्यापूर्वी घमेले बाहेर काढा.

पऱ्हाटी : सरपण की बोंडअळीचे घर?

कापूस पट्ट्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने काय केले, ते आपण विसरलेलो नाही. तेव्हापासून दरवर्षी कृषी विभाग सांगतो, पऱ्हाटी शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नका. सल्ला योग्यच आहे. उरलेल्या किडक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत राहते आणि पावसाळ्याच्या तोंडाला पतंग होऊन नव्या कपाशीवर जाते.

पण ही पऱ्हाटी कोणाची चूल पेटवते? कित्येक गावांत मजूर बाया पऱ्हाटी उपटून देतात आणि मजुरीऐवजी तीच सरपणाला नेतात. आता पांढऱ्या कोळशाच्या कारखान्यांकडून तिला गिऱ्हाईक आले आहे. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात काही टक्के जैवइंधन मिसळावे, असे सुधारित धोरण केंद्राने २०२१ मध्ये आणले. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील, तर ते मिळावेतच. मात्र त्या दिवशी भूमिहीन बाईची चूल कशावर पेटणार, याचा विचार गावाने आधी करायला हवा. नाहीतर ती गायरानातली बाभूळ तोडेल आणि आपण तिलाच चोर म्हणू.

मधला मार्ग असा काढता येईल. वेचणी संपताच शेळ्या-मेंढ्या शेतात सोडा. हिरवी बोंडे त्या खाऊन टाकतात. रचण्यापूर्वी उरलेली बोंडे झाडून जाळा. गंजी शेताच्या बांधावर नको, उंचवट्यावर दगड-ओंडके टाकून त्यावर रचा. फक्त वरून ताडपत्री घाला, बाजू मोकळ्या ठेवा, म्हणजे अवकाळी लागणार नाही आणि वाराही खेळेल. सर्वांत आधी पऱ्हाटीच जाळा. जूनच्या पावसाआधी ती संपलीच पाहिजे. बाभळीची, कडुनिंबाची लाकडे पावसाळ्यासाठी राखा.

ग्रामपंचायतीने काय करावे?

निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या अखेरीस सुरू झाला आणि २००२ मध्ये केंद्राने त्यातून हात काढून घेतला. चुली किती बांधल्या याचे आकडे कागदावर आले, पण धुराडे फुटल्यावर दुरुस्तीला कोणी आले नाही. तोच धडा आज गॅसला लागू आहे. जोडणी दिली म्हणजे काम संपले, असे नव्हे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकच) यांना विनंती, की पुढच्या ग्रामसभेत तीन विषय घ्या. एक, वर्षभरात दोनपेक्षा कमी सिलिंडर घेतलेली घरे कोणती, त्याची यादी करा आणि अनुदान त्यांच्या खात्यावर जमा होते का, ते तपासा. दोन, गावातल्या एका गवंड्याला आणि दोन बचत गटांना चूल-धुराडे दुरुस्तीचे काम शिकवा. तीन, पऱ्हाटी विकली जाणार असेल, तर सरपणावर जगणाऱ्या घरांचा वाटा आधी बाजूला काढा.

आणि घरच्या कर्त्या पुरुषांनो, तुम्हालाही एकच सांगणे आहे. आभाळ भरून आले की आपण कांद्यावर कागद टाकायला पळतो. पळा, जरूर पळा. पण जाता जाता एक ताडपत्री सरपणावरही टाका. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणाच्या डोळ्यांतले पाणी थांबेल, ते तुम्हाला ठाऊक आहे.