ठेकेदाराची काटकसर आणि आमचं कर्ज

मागच्या आठवड्यात आमच्या ओळखीतल्या एका काकांचा फोन आला. काका भिलाई स्टील प्लांटमधून कायम कामगार म्हणून निवृत्त झालेले, समाजाच्या कामात नेहमी पुढे. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात तरुणांसाठी एक सत्र ठेवायचं आहे म्हणाले. विषय : 'काटकसर आणि जास्तीची कमाई करून घर कर्जमुक्त कसं करावं.' बोलणार मी, कारण घरचं अडीच लाखांचं कर्ज मी दीड वर्षात फेडलं हे आमच्या कॅम्प-2 मध्ये सगळ्यांना कळलंय. "बेटा, आपल्या लोकांना पैसा वापरता येत नाही. तू जरा समजावून सांग."

मी हो म्हटलं. रात्री जुनी हिशोबाची वही काढली आणि लक्षात आलं, या वहीतून काकांना हवं ते भाषण निघत नाही.

2021 सालचं पान सांगते. बाबा औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात ठेकेदाराकडे. हातात यायचे 9,500. आई ब्लाउज, फॉल-पिको करून 3,000 मिळवायची. एकूण 12,500. कर्ज असं : सावकाराचे 60,000, शेकडा पाच रुपये महिन्याने. महिलांच्या गटावर घेतलेले 80,000. सोनं गहाण ठेवून 70,000. नातेवाइकांचे 40,000, बिनव्याजी. सावकाराचं व्याज महिन्याला 3,000, म्हणजे आईचं सगळं शिवणकाम. गटाचा हप्ता 4,200. सोन्याचं व्याज 700. हे गेल्यावर चार माणसांच्या महिन्याला उरायचे 4,600.

तेव्हा मी समाजशास्त्रात एम.ए. करून घरी आले होते. डोक्यात 'बजेट' शिरलेलं. आईला समोर बसवलं आणि लाल पेनाने फालतू खर्चावर खुणा केल्या. बाबांचा खर्रा 300, भावाचा रिचार्ज 200, रविवारची अंडी 90, विहाराची वर्गणी 50. बेरीज 640. आई म्हणाली, "आता अजून काय कमी करू, तूच सांग वं. तेल त मी मोजूनच टाकतो." मी गप्प बसले, पण मनात राग होता. हे लोक शिकले नाहीत म्हणून ही वेळ आली, असं वाटत होतं. पहिल्या पिढीत पदवी घेतलेल्या आपल्यापैकी कितीजणांनी आपल्या आईबापांबद्दल हा विचार केलाय, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

आता गणित करा. महिन्याला 640 वाचवून अडीच लाख फेडायला साडेबत्तीस वर्षं लागतात, तेही व्याज शून्य धरलं तर. काटकसरीची सगळी प्रवचनं या एका भागाकारापाशी संपतात.

मग कर्ज झालं कशाने? ताईच्या लग्नाने झालं ते नातेवाइकांचे 40,000, सहावा हिस्सासुद्धा नाही. सोनं गेलं भावाच्या डिप्लोमाच्या फीसाठी. उरलेले 1,40,000 एकाच रात्रीपासून सुरू झाले. 2020 च्या डिसेंबरात कामावर बाबांचा हात मशीनमध्ये आला. खासगी दवाखान्यात आधी पैसे भरा म्हणाले. सावकार रात्री अकराला पैसे देतो, हा त्याचा खरा धंदा.

बाबांच्या मजुरीतून दर महिन्याला ईएसआयचे म्हणून 71 रुपये कापले जात. कायद्याने मजुरीच्या 0.75 टक्के कामगाराचे आणि 3.25 टक्के मालकाचे. म्हणजे ठेकेदाराने स्वतःचे 309 घालून महिन्याला 380 भरायचे होते. अपघातानंतर कळलं, बाबांची नोंदणीच नव्हती. विमा असता तर ऑपरेशन फुकट झालं असतं, हात बरा होईपर्यंत रजेचा भत्ता मिळाला असता. आमच्या घरात खरी काटकसर कुणी केली असेल तर त्या ठेकेदाराने. त्याने महिन्याला 380 रुपये वाचवले, आम्ही 1,40,000 चं कर्ज काढलं.

हा विमा कुणाची मेहेरबानी नव्हे. 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात अदारकर समितीने कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा दिला आणि 1948 मध्ये कायदा झाला. जयंतीला आपण पुतळ्याला हार घालतो. पण आपल्या बापाचा विमा क्रमांक किती जणांना पाठ आहे?

काकांचा मुद्दा मी टाळत नाही. त्यांनी काटकसर केली, घर बांधलं, मुलं शिकवली. पण त्यांच्या काटकसरीखाली भक्कम जमीन होती. क्वार्टर, सेक्टर 9 चं रुग्णालय, प्लांटच्या शाळा, भविष्य निर्वाह निधी, पगाराची ठरलेली तारीख. जोनाथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञाने भिलाईवर वर्षानुवर्षं काम करून 'क्लासेस ऑफ लेबर' हा ग्रंथ लिहिला. इथले लोक स्वतःच 'नौकरी' आणि 'काम' असा फरक करतात, हे त्यात आहे. काकांना नौकरी होती, बाबांना काम आहे. दोघांचे वडील भंडाऱ्याकडूनच आले, दोघं एकाच विहारात जातात. नौकरीवाल्याने कामवाल्याला बचत शिकवायची म्हणजे छत्रीतल्याने भिजणाऱ्याला अंग पुसायला सांगायचं.

गरिबाच्या कर्जाला त्याची उधळपट्टी जबाबदार, हा आरोप जुना आहे. 1875 मध्ये पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर सरकारने नेमलेल्या दख्खन दंगल आयोगाने नोंदवलं की लग्नसमारंभांच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय. इंग्रज सरकारच्या आयोगाला जे मान्य करावं लागलं, ते आपलीच शिकलेली माणसं चौदा एप्रिलच्या मंचावरून आजही नाकारतात, याचं मला दुःख आहे.

मग आमचं कर्ज फिटलं कसं? ऑगस्ट 2022 मध्ये मला कनिष्ठ संशोधन फेलोशिप सुरू झाली. तेव्हा 31,000, जानेवारी 2023 पासून 37,000. मी महिन्याला 15,000 घरी पाठवले. पहिल्या चार महिन्यांत सावकार संपवला, आणि त्याच्या व्याजाचे 3,000 पुढच्या हप्त्यांना मोकळे झाले. जानेवारी 2024 मध्ये आईचं सोनं घरी आलं. या काळात मी होस्टेलच्या मेसवर राहिले, नवा फोन घेतला नाही, शिकवण्या घेतल्या. ही काटकसर खरी आहे. पण ती शिल्लक पैशावरची काटकसर. शिल्लकच नसेल तर काटकसर म्हणजे उपास, आणि तो नेहमी घरातल्या बाईच्या ताटातून सुरू होतो.

बाबासाहेबांनी लंडनमध्ये पोटाला चिमटा घेतला, हे आपण मुलांना सांगतो. त्यासोबत हेही सांगा की 1913 मध्ये आधी बडोद्याची शिष्यवृत्ती आली. 1920 मध्ये पुन्हा लंडनला जाताना सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत होती, शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेनांकडून घेतलेलं कर्जही होतं.

आपल्याजवळचंच उदाहरण घ्या. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहऱ्यात 1977 मध्ये शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली ठेका मजुरांची युनियन उभी राहिली. त्या जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात 11 जण मारले गेले. लढून मजुरी वाढली. वाढलेली मजुरी दारूत जाऊ नये म्हणून त्याच युनियनने दारूबंदीची मोहीम काढली. 1983 मध्ये मजुरांच्या वर्गणीतून शहीद हॉस्पिटल उभं राहिलं, म्हणजे आजारपणाने कर्ज होण्याची वाटच अरुंद केली. पैसा नीट वापरायला तिथेही शिकवलं, पण आधी मजुरी मिळवून. पुढे भिलाईच्या खासगी कारखान्यांत हीच मागणी घेऊन गेलेल्या नियोगींचा 28 सप्टेंबर 1991 ला खून झाला, आणि 1 जुलै 1992 ला पॉवर हाउस स्टेशनवर आंदोलक कामगारांवर गोळ्या चालल्या. मजुरीची मागणी किती महाग पडते, हे या गावाला सांगावं लागत नाही. बचतीचं भाषण मात्र कुणालाच महाग पडत नाही, म्हणून ते सगळ्यांना आवडतं.

मी चौदा एप्रिलला जाणार आहे. सांगणार हे : घरचं प्रत्येक कर्ज व्याजाच्या दरासकट लिहून काढा. शेकडा पाच म्हणजे वर्षाला 60 टक्के, तेच आधी संपवा. 12 टक्के 'फ्लॅट' म्हणून दिलेलं दोन वर्षांचं कर्ज घटत्या बाकीवर साडेएकवीस टक्क्यांना पडतं, सही करण्याआधी ते गणित मांडा. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार मायक्रोफायनान्स कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड घेता येत नाही, आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी, संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही. हे आईला सांगा. वडिलांचा पीएफ आणि विमा खरंच भरला जातो का, ते स्वतः तपासा. भरला जात नसेल तर एकट्याने भांडू नका, त्याच ठेकेदाराकडची दहा माणसं जमवा. आणि आईच्या वहीवर लाल पेन चालवू नका.

हे मुद्दे मी काकांना फोनवर वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ठीक आहे, पण शेवटी काटकसरीवर दोन शब्द बोल."

ते दोन शब्द आई बोलणार आहे. तिला मी तयार करतेय.

जय भीम.