सहीची किंमत आणि पुराव्याचा प्रश्न

१९८३च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या 'श्टेर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या हाती लागल्याचे जाहीर केले. त्यासाठी नव्वद लाखांहून अधिक मार्क मोजले गेले होते आणि अक्षर हिटलरचेच असल्याचा निर्वाळा हस्ताक्षरतज्ज्ञांनी दिला होता. पंधरवड्यातच वह्यांच्या कागदाची तपासणी झाली. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ते रसायन त्यात सापडले, आणि ते तर महायुद्ध संपल्यानंतर वापरात आलेले. वह्या कोनराड कुयाऊ नावाच्या नकलाकाराने लिहिल्या होत्या. पण या प्रकरणातली सर्वांत काळजीची गोष्ट पुढेच आहे. तज्ज्ञांपुढे ताडून पाहायला जे 'अस्सल' नमुने ठेवले होते, त्यांतलेही काही कुयाऊनेच तयार केलेले होते. दोन्हीकडे हात एकच, म्हणून अक्षर जुळले.

आपल्याकडेही आता लिलावांतून, ऑनलाइन विक्रीतून, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सह्यांना मोल येऊ लागले आहे. म्हणून हे प्रकरण आधी सांगितले. बनावट सही एका गिऱ्हाइकाचे पैसे बुडवून थांबत नाही. ती संग्रहात शिरते, पुस्तकात छापली जाते, पुढच्या सह्या तिच्याशी ताडल्या जातात. अस्सल काय हे ठरवण्याचे मापच ती बिघडवते.

जेवढे नाव मोठे तेवढी किंमत मोठी, ही समजूत पहिल्यांदा सोडली पाहिजे. बटन ग्विनेट हे नाव अमेरिकेबाहेर फारसे कुणी ऐकलेले नाही. १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ५६ जणांपैकी तो एक. पुढच्याच वर्षी द्वंद्वयुद्धात गोळी लागून तो गेला. त्या ५६ सह्यांचा संच पुरा करू पाहणाऱ्या प्रत्येक संग्राहकाला त्याची सही हवी असते आणि त्याच्या सह्या जेमतेम पन्नासेक उरल्या आहेत, त्याही बहुतेक संस्थांच्या ताब्यात. म्हणून २०१०मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिला ७ लाख २२ हजार ५०० डॉलर आले. उलट डॉन ब्रॅडमन यांनी अगदी उतारवयातही टपालाने आलेल्या विनंत्यांना मान देऊन सह्या पाठवल्या. साध्या कागदावरच्या त्यांच्या सहीला त्यामुळे नावाच्या मानाने कमीच भाव येतो. गांधीजी हरिजन निधीसाठी पाच रुपये घेऊन सही देत. त्यांच्या नुसत्या सहीपेक्षा एखाद्या प्रश्नावर मत मांडणारे त्यांचे पत्र कितीतरी पटींनी मोलाचे ठरते, आणि ते योग्यच आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी पत्रांखालच्या सह्या कात्रीने कापून वह्यांत चिकटवल्या. सही राहिली आणि पत्र गेले. आपल्याकडे जुन्या पत्रांना लॅमिनेशन करतात, तेही असेच नुकसान. एकदा प्लास्टिक चिकटले की कागद धड सुटत नाही आणि शाईही नीट तपासता येत नाही.

अस्सलपणा पाहताना सहीच्या आकारावर भिस्त ठेवता येत नाही, कारण आकाराची नक्कल हेच नकलाकाराचे कसब. भिंग लावून रेघेचा वेग पाहावा लागतो. स्वतःचे नाव लिहिणाऱ्याचा हात कागदाला टेकण्याआधीच चालू झालेला असतो आणि उचलतानाही चालतच राहतो, म्हणून रेघेची टोके निमुळती होतात. दुसऱ्याचे नाव रेखाटणारा हात सावकाश जातो. मग टोके बोथट राहतात, वळणावर बारीक कंप दिसतो, मध्येच लेखणी थांबून शाईचा ठिपका पडतो. पण आजाराने आणि म्हातारपणानेही हात कापतो. सही कोणत्या वर्षीची हे कळल्याशिवाय कंपाचा अर्थ लावणे धोक्याचे. १९०९ साली जहाजावर 'हिंद स्वराज' लिहिताना गांधीजींचा उजवा हात थकला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहिले. एकाच माणसाच्या हस्ताक्षराची दोन वळणे! लेखणीची आणि शाईचीही साक्ष काढावी. बॉलपेन बाजारात सर्रास मिळू लागले ते १९४५नंतर आणि लोकमान्य टिळक गेले १९२०मध्ये. त्यांच्या नावाची बॉलपेनने केलेली सही कुणी पुढे केली तर आणखी काही तपासायची गरजच नाही.

एकाच माणसाच्या दोन सह्या तंतोतंत एकमेकींवर बसल्या, तर तीही शंकेची जागा. २०२२मध्ये बॉब डिलन यांच्या 'द फिलॉसॉफी ऑफ मॉडर्न साँग' या पुस्तकाच्या सही केलेल्या ९०० प्रती ५९९ डॉलरना एक अशा विकल्या गेल्या. सही हातानेच केलेली असल्याचे प्रकाशकांचे पत्र प्रत्येक प्रतीसोबत होते. वाचकांनी आपापल्या सह्यांचे फोटो शेजारी ठेवले, तेव्हा त्या यंत्राने केल्याचे उघड झाले. पैसे परत मिळाले, डिलन यांनी माफी मागितली. पण खुद्द प्रकाशकाच्या पत्राची ही गत असेल, तर रस्त्यावरच्या दुकानातल्या चकचकीत प्रमाणपत्राला काय अर्थ उरतो? अमेरिकेत १९९०च्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' या मोहिमेत खेळाडूंच्या बनावट सह्यांचे जाळे उघडकीला आणले. मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलही त्या मालात होता. अस्सलपणाचे दाखलेही त्याच जाळ्यात तयार होत.

म्हणून कागद कुणाकडून कुणाकडे आला, हे विचारणे सर्वांत महत्त्वाचे. ही शिस्त मराठी माणसाला परकी नाही. शिवकालीन पत्रांत महाराजांची सही शोधायची नसते, माथ्यावरची मुद्रा आणि शेवटचे मोर्तब पाहायचे असते. वतनांच्या भांडणांत बनावट कागद पुढे करण्याची चाल जुनी होती. म्हणूनच इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांपासून आपले संशोधक कागद कोणत्या घराण्याच्या दप्तरात मिळाला याची नोंद ठेवत आले. सह्या विकत घेणाऱ्यांनी ही सवय उचलली नाही, तर त्याच संशोधकांपुढे उद्या खोटे नमुने येतील.

परदेशी लिलावातले आकडे वाचून घरातल्या पत्रांचा हिशेब मांडणाऱ्यांनी कायदाही लक्षात घ्यावा. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचा, ७५ वर्षांहून जुना कागद १९७२च्या कायद्याने पुरावशेष ठरतो आणि खाजगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. तिकडचा भाव त्याला लागू होत नाही. घेणाऱ्याने सही खोटी ठरल्यास पैसे परत मिळण्याची अट लेखी घ्यावी. विकणाऱ्या कुटुंबाने पत्र कुणाला, केव्हा, कशासाठी आले हे लिहून द्यावे आणि लिफाफा फेकू नये. त्यावरचा टपालाचा शिक्का तारीख आणि गाव दोन्ही सांगतो.