शकुंतलेचे प्रवासी

मूर्तिजापूरच्या स्टेशनात मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या आजही थांबतात. सुटायची थांबली ती शकुंतला ही नॅरोगेज गाडी. ब्रिटिशकाळात किलिक निक्सन कंपनीने वऱ्हाडचा कापूस गिरण्यांपर्यंत नेण्यासाठी टाकलेले हे रूळ. एक फाटा अचलपूरला, ७६ किलोमीटर, दुसरा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, ११३. १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते. पुढे रूळ कमजोर झाले, वेग घटला, आणि गेल्या दशकात एकेक करून दोन्ही गाड्या बंद पडल्या. रूळ कमजोर होते हे मान्य. पण ते तसे होऊ कुणी दिले? मालकी कंपनीची, गाडी रेल्वेची, या वादात दुरुस्ती राहून गेली. त्याची किंमत मात्र भरली भाजीची टोपली घेऊन दर्यापूर-अंजनगावच्या बाजाराला जाणाऱ्या बायांनी, मजुरांनी, तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरींनी. गाडी हळू होती, पण तिकीट त्यांना झेपत होते. आता उरली एसटी. तिच्यात बायांना अर्धे तिकीट आहे, ही चांगलीच गोष्ट. पण जिथे एसटीच दिवसातून एकदोनदा येते, तिथे सवलत वापरायची कशी? मजुरीला निघालेल्या गड्याला तर पूर्णच भाडे, आणि तेही जानेवारी २०२५ मध्ये जवळपास १५ टक्क्यांनी वाढले. शकुंतलेचा मार्ग ब्रॉडगेज करण्याची मागणी जुनी आहे, अचलपूरकरांनी त्यासाठी सत्याग्रहही केले. ब्रॉडगेज जरूर व्हावी. मात्र तिच्या आराखड्यात लाखपुरी, पथ्रोटसारखी छोटी स्टेशने राहणार की गळणार, हे मूर्तिजापूरकरांनी आजच लेखी विचारून घ्यावे.