मुखत्यारी जेथे संपते
वृद्ध पित्याने मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिले, की घराची व्यवस्था लागली, असे अनेक कुटुंबे मानतात. हा समज घातक आहे. केवळ असा लेख लिहून दिल्याने घराची मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बजावलेच आहे. शिवाय १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ अन्वये, मुखत्यारी देणारा मरण पावला वा त्याची बुद्धी भ्रष्ट झाली, की मुखत्यारीही सामान्यतः संपते. म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धास आधाराची खरी निकड भासावी, नेमका तेव्हाच तो कागद निरुपयोगी ठरावा! मग पालक नेमून घेण्यासाठी कुटुंबास उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. इंग्लंडने ही उणीव १९८५ च्या कायद्याने दूर केली. आपल्याकडे ती कायम आहे.

मृत्यूनंतरची व्यवस्था मृत्युपत्राने होते. त्यास मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांचे साक्षांकन पुरेसे असते. तेवढे प्रत्येकाने शुद्धीत असतानाच उरकावे. परंतु जिवंतपणी ओढवणाऱ्या परावलंबित्वाची तरतूद एकट्या नागरिकाच्या हाती नाही; ते संसदेचेच कर्तव्य होय.