वेतनमर्यादा कोणाच्या हिताची?

वेतन निम्मे घेण्यास लिओनेल मेस्सी तयार असूनही ऑगस्ट २०२१ मध्ये बार्सिलोना क्लबला त्याला ठेवता आले नाही. स्पॅनिश लीगचा नियम २०१३ पासूनचा आहे. क्लबच्या अपेक्षित उत्पन्नातून इतर खर्च व कर्जफेड वजा करावयाची आणि उरेल तेवढेच खेळाडूंवर खर्चावयाचे. बार्सिलोनावर एक अब्ज युरोंहून अधिक कर्ज होते. मेस्सीला वगळूनही वेतने उत्पन्नाच्या ९५ टक्क्यांवर जातात, अशी कबुली अध्यक्ष लापोर्ता यांनीच दिली. उधळपट्टी संचालकांची, आणि घर सोडावे लागले खेळाडूला!

मर्यादा म्हणजे समता, असा आपला भाबडा समज असतो. इंग्लंडमध्ये १९०१ साली आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा आली. १९६१ मध्ये ती २० पौंडांवर होती. गल्ला मालकांचा, मर्यादा मात्र खेळाडूंना. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संघटनेने संपाची तयारी केली, तेव्हा कोठे ती उठली. लवकरच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले.

स्पेनची मर्यादा त्या जातीची नव्हे. ती दिवाळखोरीला आळा घालते, आणि तेवढ्यापुरती ती योग्यच म्हणावी लागेल. परंतु ज्याचे उत्पन्न मोठे, त्याची मर्यादाही मोठी. तेव्हा रेआल माद्रिद आणि लहान शहरातील क्लब यांतील अंतर तिने मिटत नाही. त्यासाठी दूरचित्रवाणीच्या पैशालाच हात घालावा लागतो. २०१५ च्या सरकारी हुकमाने हे हक्क एकत्र विकून निम्मी रक्कम समान वाटण्याचे ठरले. उरलेल्या निम्म्यात मात्र मोठ्यांचेच पारडे जड राहिले.